टेकडीमागे पडलेला अग्निगोल

रात्री आकाशात अग्निगोल, म्हणजे खूप तेजस्वी उल्का, दिसला की 'गोळा समोरच्या टेकडीमागेच पडला, सकाळी शोधायला जाऊ' असं कुणीतरी म्हणतं, ते पटत नाही. बहुतेक अग्निगोल जमिनीपासून २०-३० किमी किंवा त्याहूनही वर असतानाच विझतात. तुकडा उरलाच तर तो पुढे न चमकता काळोखात खाली येतो. क्षितिजापासून १० अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर विझलेला गोळा साधारण सव्वाशे-दीडशे किमी किंवा त्याहूनही लांब असतो. त्यामुळे टेकडीमागे जाऊन उपयोग नाही. उभे होतात तिथेच थांबा, कुठल्या झाडाच्या किंवा खांबाच्या दिशेला विझताना दिसला ते टिपा आणि दहा मिनिटं कान देऊन ऐका. आवाज मिनिटाला जेमतेम २० किमी जातो, त्यामुळे गोळ्याचा गडगडाट झालाच तर उशिरा येतो, आणि लोक तोवर घरात गेलेले असतात!

आणखी एक, किती सेकंद दिसला ते आवर्जून लिहा. उल्का बहुधा काही सेकंदांत संपते. २ एप्रिल २०२२ ला विदर्भात दिसलेले जळते तुकडे एकामागोमाग, संथपणे, बराच वेळ सरकत होते. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं सापडलं.