मदत हवी आहे: स्लजचे ड्रम कोणी उचलेना

भोसरी_प्लेटर: चार महिने झाले, प्लेटिंगच्या सांडपाण्यातून निघालेल्या गाळाचे, म्हणजे स्लजचे ड्रम मागच्या शेडमध्ये पडून आहेत. गाडी मागितली की एकच उत्तर, 'पुढच्या आठवड्यात बघू'. परवा प्रदूषण नियंत्रण बोर्डाचे साहेब फोटो काढून गेले. एक भंगारवाला सगळं फुकट न्यायला तयार आहे. पावसाचं पाणी शेडमध्ये शिरतं. काय करू? लवकर सांगा.

जुना_केमिस्ट: किती ड्रम? झिंक, निकेल की क्रोम? बोर्डाच्या ऑथरायझेशनवर, म्हणजे घातक कचऱ्याच्या परवान्यावर, वर्षाला किती टन आहे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

इचलकरंजीकर: भंगारवाल्याला अजिबात देऊ नका. आमच्या शेजारच्या युनिटने दिले होते. आठ दिवसांत ड्रम ओढ्याकाठी सापडले, लेबलं तशीच. कारवाई मालकावर झाली.

भोसरी_प्लेटर: १४ ड्रम. झिंक प्लेटिंग, वर गंज रोखायला क्रोमचा थर (पॅसिव्हेशन). ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा स्लज आहे. ऑथरायझेशन ८ टन.

हिरवा_वारा: मूळ दुखणं हेक्झा क्रोम, म्हणजे क्रोमचा जास्त विषारी प्रकार आहे. कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोमवर या. आणि सांडपाण्यात चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरा, स्लज बराच कमी होतो.

जुना_केमिस्ट: कॉस्टिकचा स्लज लवकर बसत नाही, स्लज पिळणाऱ्या फिल्टर प्रेसवाल्याला विचारा. आणि अहो, त्यांच्या शेडमधल्या १४ ड्रमांचं काय? ते आज तिथेच आहेत.

हिरवा_वारा: स्लज झालाच नाही तर ड्रम कशाला भरतील? आम्ही दोन वर्षांपूर्वी बदललं, फरक दिसतो.

मालवा_मराठी: भोपाळच्या युनियन कार्बाइडचा विषारी कचरा १९८४ पासून पडून होता. २०२५ च्या जानेवारीत ३३७ टन आमच्या पिथमपूरला आणला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. वेळेत उचलणं किती महत्त्वाचं ते तिथे कळलं.

गॅरेज_सातारा: माझ्याकडे जळकं ऑइल आणि जुन्या बॅटऱ्या आहेत. बॅटरी दुकानदार परत घेतो, तसं करून बघा.

जुना_केमिस्ट: बॅटरीचा इथे संबंध नाही. भोसरीवाले, २०१६ च्या घातक कचरा नियमांत साठवणुकीला ९० दिवस मिळतात. वर्षाला १० टनांपर्यंत माल असेल तर बोर्ड १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतं, पण मागावी लागते. तुम्ही १२० च्या आसपास आहात. आजच कारण लिहून अर्ज द्या. ड्रम लाकडी फळ्यांवर चढवा, झाकणं घट्ट लावा, वर ताडपत्री टाका. फॉर्म ३ मधल्या कचऱ्याच्या नोंदी पूर्ण आहेत ना? आणि गाडी नक्की कोणाकडे मागताय?

भोसरी_प्लेटर: एका मध्यस्थाकडे. वडील त्याच्याकडूनच करायचे.

जुना_केमिस्ट: आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या सामायिक प्रकल्पाचं सभासदत्व?

भोसरी_प्लेटर: आत्ता फाइल काढली. वडील गेल्यावर नूतनीकरण झालेलंच नाही. मध्यस्थाने एकदाही सांगितलं नाही.

इचलकरंजीकर: मग गाडी येणार कुठून? थेट प्रकल्पाच्या ऑफिसात जा.

भोसरी_प्लेटर: उद्या सकाळी रांजणगावला प्रकल्पावर जातो. अर्ज आजच देतो. मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारा फॉर्म १०, गाडीवाला भरतो की मी?

जुना_केमिस्ट: तुम्ही. माल पाठवणाऱ्याने भरायचा. गाडी हलण्याआधी.