गावठी लोकर, सुया आणि बनगरवाडी

'धनगरी लोकर सुयांवर विणता येत नाही, ती घोंगडीपुरतीच' असं इथं कुणीतरी म्हटलंय, ते मत मला अर्धंच पटतं. टोचते, हे खरंच. बाळाचं टोपडं तिचं करू नये. पण विणता येते. म्हसवडहून घोंगडीच्या सुताच्या दोन लडी आणल्या होत्या, हा आख्खा आठवडा त्यांच्यावरच गेला. आधी कोमट पाण्यात भिजवून तेलकटपणा आणि बारीक काड्या काढल्या, मग 8 नंबरच्या सुयांवर टाके घातले. एक ओळ सुलट, एक उलट असं चार बोटं विणलं आणि चौकोन सरळ एका बाजूला कलला! सूत एकपदरी, पीळ घट्ट, त्यामुळे तो पीळच विणीला ओढतो. उसवून दोन्ही बाजूंनी सुलट विणलं तेव्हा कड सरळ आली. आता काळ्या-करड्या रंगाचं बसकर (बसायचं छोटं आसन) जवळजवळ पुरं झालंय आणि ओल्या हाताला अजून मेंढराचा वास येतो. मला तो फार आवडतो.

विणताना काय वाचतेय तेही सांगते, सोबतीला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुन्हा काढलीय. 1955 सालचं पुस्तक, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराचं. साताऱ्यात बसून कितीदा वाचली असेल, पण हाताला ती लोकर लागलेली असताना पहिल्यांदाच. दुष्काळाची पानं आली आणि सुया आपोआप मांडीवर ठेवल्या गेल्या.