अनुभव धागा: आमचा आवाज तुम्ही कुठे सोसलात?

गिटारवाला

मागच्या महिन्यात आमचा बेसवाला नोकरीसाठी पुण्याला गेला. बँड मोडला असं तिघांपैकी कुणीच म्हणालेलं नाही, पण सरावाचा वार कुठला हेही आता कुणी विचारत नाही. साडेचार वर्षं सोलापुरात नॉइज रॉक वाजवला. ज्यांनी ऐकला, ज्यांना नाइलाजानं ऐकावा लागला, ज्यांनी मध्येच फ्यूज काढला, त्या सगळ्यांनी इथे लिहा. शिव्या चालतील. बँडचं नाव तेवढं लिहू नका, माझ्यासाठी मुली बघणं सुरू आहे.

सुरुवात मीच करतो. आपल्याकडे 'माझा बँड आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'सुपारी कितीला घेता?' मग समजावत बसायचं, की नवरदेवापुढे नाही वाजवत. साऊंडवाला ज्याला दोष म्हणतो, ती शिट्टी, घरघर, फाटका आवाज पुसून न टाकता त्याचंच गाणं करायचं, एवढा साधा मामला आहे. न्यूयॉर्कच्या सॉनिक यूथ या बँडनं १९८१ पासून हेच केलं. तारा भलत्याच सुरांत लावल्या, तारांखाली स्क्रूड्रायव्हर खुपसले. ते बघून आम्ही पाना खुपसला. पहिल्याच दिवशी तार तुटली.

माझी गिटार स्वस्तातली, सिंगल कॉइल पिकअपची (म्हणजे तारांबरोबर विजेची घरघरही पकडणारी), आणि घरातलं अर्थिंग नावालाच. ॲम्प लावला की हात न लावताच घूं सुरू. दोन महिने ते घालवायच्या मागे होतो. एक दिवस बेसवाल्यानं सहज सगळ्यात खालच्या ई तारेचा तिसरा पडदा दाबला आणि त्याचा सूर त्या घूंमध्ये विरघळला. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि बेसवरचा तो 'जी' सूर ४९ हर्ट्झचा. तेव्हापासून आमचं प्रत्येक गाणं 'जी'मध्ये. 'लायटीचा सूर' म्हणायचो आम्ही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे तिकडच्या दौऱ्याचा प्रश्नच मिटला.

समोरच्या बिल्डिंगमधली काकू

मला पहिल्यांदा वाटलं, बोअरची मोटर जळाली. ह्यांना खाली पिटाळलं. मग कळलं, तुझी गिटार. नियम मी तोंडपाठ केले होते: राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद. तक्रार लिहूनसुद्धा ठेवली होती. पण तुझी आई शेंगाचटणीचा डबा घेऊन आली आणि माझा कागद ड्रॉवरमध्येच राहिला. आता मिरवणुकीला खिडकीच्या काचा थरथरतात, तेव्हा चटणी कुणाकडे मागायची ते सांग.

ड्रमर

गिटारवाल्याच्या घरातून उठल्यावर आम्ही आमच्या कारखान्यात आलो. पूर्व भागात, टॉवेलचे आठ माग. सुटीच्या दिवशी माग बंद असायचे तेव्हाच सराव. मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते इथं कुणाला सांगायला नको. तापलेली तार ढिली पडते, म्हणून दर गाण्यानंतर सूर लावायचा, आणि शेवटची तार लागेपर्यंत पहिली उतरलेली. नाना एकदा विसरलेला डबा न्यायला आले. दारात उभे राहून 'एंटिरा इदि?' (तेलुगूत, काय रे हे?) एवढंच विचारलं आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे टाकून गेले. परवानगी होती की वैताग, अजून कळलेलं नाही.

ड्रम कुठं शिकलास म्हणून विचारतात. कुठंच नाही. मागाचा धोटा (आडवा दोरा नेतो तो) तिकडे गेला की ठक, इकडे आला की ठक. आमच्या मागावर मी मोजलेत, मिनिटाला ११० च्या आसपास. पण सगळे माग एका वेगानं कधीच चालत नाहीत. शेजारशेजारचे दोन माग हळूहळू पुढं-मागं सरकतात, मध्येच दोन-चार ठोके बरोबर जुळतात, परत सुटतात. ते जुळणं ऐकायला मी लहानपणी कांड्यांच्या पेटीवर बसून राहायचो. आमचं तिसरं गाणं म्हणजे तेवढंच आहे. गिटार आणि मी मुद्दाम थोड्या वेगळ्या वेगात सुरू होतो आणि गाठ पडायची वाट बघतो. कधी कधी पडतच नाही, मग गाणं लांबतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी एक माग चालू ठेवला. माईक दोनच, एक ड्रमसमोर, एक लांब भिंतीजवळ. गाणं तयार झाल्यावर सगळ्यात आधी माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जोबरमामांच्या कानात इअरफोन घातले. सहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मला वाटलं, मामा गेले आपल्या गाण्यात. इअरफोन काढून म्हणाले, "चार नंबरचा माग हाय ना बे ह्यो? पिकर गेलाय त्याचा." उठले, पाना घेतला, धोट्याला फटका मारणारा तो पिकर बदलून टाकला. गिटारबद्दल एक शब्द नाही. तुम्ही बँडकॅम्पवर (गाणी विकायची साइट) ऐकता ते गाणं परत तसं वाजवणं आता शक्य नाही.

मागवाल्याची मुलगी

वरचं वाचून लिहावंसं वाटलं, गोड मानून घ्या. माझे बाबा ३१ वर्षं मागावर होते, मालक म्हणून नाही. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज असला की कान जातात, हे मला खूप नंतर कळलं. बाबांना तर कुणी सांगितलंच नाही. कापसाचा बोळा घालायचे, त्यानं काही होत नाही. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, मग माझी हाक. आईचा आवाज जाड आहे, तिचं ऐकू येतं. घरी टीव्ही इतका मोठा असतो की बाहेरचा माणूस दचकतो.

तुमचा कार्यक्रम मी पाहिलाय. एका कॉलेजच्या गॅदरिंगला, दोन गाण्यांनंतर लाईट घालवली होती तो. खोटं कशाला बोलू, आवडलं. पोटात काहीतरी हललं. घरी गेल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती आणि मला एकदम बाबांची भीती वाटली. तुम्हाला त्यात ठेका सापडला, चांगलं आहे. तुम्हाला तो सुटीच्या दिवशी सापडला, एवढंच.

गिटारवाला

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या गॅदरिंगनंतर कुणीतरी असंच बोललं होतं (तुम्हीच असाल), तेव्हापासून दारात फोमचे इअरप्लग ठेवायला लागलो. वीस माणसं यायची, पाच जण घालायचे. त्यात ड्रमर नसायचा. आता त्याला हा धागा वाचून दाखवतो.

साऊंडवाला

मी ह्यांना सिस्टिम भाड्यानं द्यायचो. पोरांनी बिल कधी बुडवलं नाही, हे आधी लिहितो. पहिल्या वेळी मी तासभर बसून सिस्टिममधली शिट्टी घालवली, तर हा गिटारवाला म्हणतो, मामा, ती परत आणा. म्हटलं, काय करलालास बे? मग त्यानं दाखवलं, ॲम्पकडे तोंड करून एक पाऊल पुढं गेलं की एक सूर, मागं सरकलं की दुसरा. जागा खडूनं आखून ठेवल्या होत्या स्टेजवर. माझ्या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट, आणि हे पोरगं त्यावर पाय ठेवून गाणं म्हणतंय.

नव्या पोरांसाठी एक सांगतो. गिटारचा ॲम्प एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवर लावू नका. अर्थिंगमध्ये फरक पडला की हात तारेवर असताना ओठ माईकला लागला की करंट बसतो. ह्याला बसलाय. लोकांना वाटलं ॲक्शन आहे, टाळ्या पडल्या. एकाच बोर्डवरून वायर घ्या आणि आधी टेस्टर लावून बघा.

बेसवाला

हिंजवडीतून लिहितोय. सगळ्यांनी लिहिलं, पैशाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो, हिशोब माझ्याकडे होता. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले १५ टक्के कापून घेतं, ते जाऊन साडेचार वर्षांत ११,४०० रुपये आले. त्यातली निम्मी खरेदी जपानमधल्या एकाच माणसाची, त्यानं सगळी गाणी दोनदा घेतली. चुकून घेतली असतील, आम्ही विचारलं नाही. स्ट्रीमिंगचे आले ते चहाला पुरले. पुण्यात चार कार्यक्रम केले. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, वाजवायचं, मग उत्तररात्री पुण्याला येणारी सिद्धेश्वर धरायची. जनरलच्या डब्यात सिम्बल मांडीवर घेऊन उभ्यानं झोपता येतं. एका जागी ठरलेले पैसे मिळाले नाहीत, 'एक्स्पोजर' मिळालं. खर्च साठ हजारांच्या पुढं गेल्यावर मी लिहायचं बंद केलं.

बँड मोडलाय का, तर मला माहीत नाही. गड्ड्याच्या जत्रेला येतोय, चार दिवस आहे. ॲम्पच्या हप्त्यातला माझा वाटा पाच तारखेला टाकतो. आणि लाल टेप लावलेली केबल माझी आहे, साऊंडवाल्या मामांकडे राहिलीय. ती दुसऱ्या कुणाला भाड्यानं देऊ नका.