कॅडमियमने लवकर मरणारी पेशी ‘संवेदनशील’ की ‘असहिष्णू’?

मुक्ता : जनुके आणि जड धातू यांवरील एका लेखाचे मी भाषांतर करत आहे. यीस्टच्या पेशीतून वायसीएफ१ हे जनुक काढून टाकले, तर मूळ पेशी ज्या मात्रेत वाढत राहते त्याच मात्रेच्या कॅडमियमने ती मरते. अशा पेशीला मी ‘संवेदनशील’ लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘असहिष्णू’ केले. कोणता शब्द ठेवावा?

शाश्वत : ‘संवेदनशील’ नकोच. संवेदना म्हणजे जाणीव. आपल्या पेशींत कॅडमियम शिरले, की प्रथिनांना बांधलेले जस्त सुटे होते, ते एमटीएफ-१ या प्रथिनाला चिकटते आणि ते प्रथिन मेटॅलोथायोनीनची, म्हणजे धातू बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांची, जनुके जागी करते. म्हणजे जी पेशी धातू चटकन जाणते, तीच अधिक तगते. तुम्ही मात्र मरणारीला संवेदनशील म्हणत आहात.

रेवती : अमुक जंतू अमुक प्रतिजैविकाला संवेदनशील आहे, असे आपण नेहमी म्हणतो आणि त्यात कोणाचा गोंधळ होत नाही. रूढीला व्युत्पत्तीच्या तराजूत तोलू नये. उलट ‘असहिष्णू’ने अर्थ बिघडतो, कारण वायसीएफ१चे प्रथिन ग्लुटाथायोन या पेशीतल्या छोट्या रेणूने बांधलेले कॅडमियम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, ढकलते, तेव्हा धड पेशीही विष सहन करत नसते, ती ते कोंडून ठेवते.

विनायक : संस्कृत विशेषणांच्या मागे कशाला लागायचे? आमची आजी औषध ‘बाधले’ म्हणत असे. ‘हे जनुक नसलेल्या पेशीला कॅडमियम लवकर बाधते’ असे लिहावे.

शाश्वत : ‘बाध्’ हा धातूही संस्कृतच आहे, विनायकराव. वाक्यात तो शोभतो. पण आलेखाच्या अक्षावर नाम लागते आणि ‘बाध्यता’ म्हणजे सक्ती. ‘विषप्रवणता’ कशी वाटते?

रेवती : ‘अपघातप्रवण’मुळे ‘प्रवण’ला शक्यतेचा वास लागला आहे, आणि येथे तर मोजमाप आहे. यीस्टमध्ये तांबे बांधणारे प्रथिन घडवणाऱ्या सीयूपी१ जनुकाच्या प्रती जितक्या अधिक, तितके अधिक तांबे पेशीला सोसते.

विनायक : पाहा, ‘सोसते’ आपसूक आलेच! शिवाय थोडे तांबे तर पेशीला हवेच असते, मग त्याला कॅडमियमच्या पंक्तीला बसवून ‘विषारी जड धातू’ म्हणणे कितपत बरोबर?

शाश्वत : त्या यादीत आर्सेनिकही घालतात, जे धातुसदृश आहे. ‘जड’ हा शब्दच तपासायला हवा. तो घनतेविषयी आहे, की विषारीपणाविषयी?

मुक्ता : लेखात पुढे आर्सेनिक आहेच. पण अक्षावर काय लिहू?

विनायक : ‘बाधा’ लिहा.

रेवती : बाधा भुताचीही होते. ‘संवेदनशीलता’च ठेवा.