नेमणूकपत्रात नसलेल्या, पण वर्षानुवर्षं मिळणाऱ्या सुट्ट्या कंपनी काढून घेऊ शकते का?

पगारी_रजा :
महाराष्ट्रातली खासगी कंपनी, साठेक माणसं, दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी. नऊ वर्षं सणांच्या १४ पगारी सुट्ट्या मिळत आल्या आहेत. नेमणूकपत्रात आकडा नाही, 'सुट्ट्या कंपनीच्या धोरणानुसार' एवढंच. आता ई-मेल आला आहे : जानेवारीपासून ८. एचआर म्हणतं, कायद्यात आठच आहेत, वरच्या सहा आमच्या मर्जीच्या. लेखी नाही म्हणजे हक्कच नाही का?

कलम_चाळीस :
आठचा आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार सण अशा आठ पगारी सुट्ट्या आहेत. हे किमान झालं. शिवाय ते चार सण वर्ष सुरू होण्याआधी कामगारांशी बोलून ठरवायचे असतात. तुमच्याकडे तसं काही झालं का, हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी यादी थेट फलकावर लागते.

उरलेल्या सहांसाठी औद्योगिक संबंध संहिता, २०२० बघा. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कलम ४० नुसार तिसऱ्या अनुसूचीतल्या बाबींत बदल करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर २१ दिवस बदल अमलात आणता येत नाही. या अनुसूचीत 'पगारी रजा आणि सुट्ट्या' ही नोंद ५ आहे आणि रूढ सवलत काढून घेणं किंवा प्रथेत बदल करणं ही नोंद ८. करारात लिहिलेलंच असतं तर आठव्या नोंदीची गरजच काय होती? जुन्या १९४७ च्या कायद्यातही कलम ९अ खाली हेच होतं, त्यामुळे 'नवीन संहितेने सगळं बदललं' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

हजेरीपत्रक :
वरचं बरोबर, पण नोटीस म्हणजे परवानगी मागणं नव्हे. २१ दिवस उलटले आणि कुणीच काही केलं नाही, तर बदल लागू होतो. खरी चूक इथेच होते : लोक आपसात धुसफुसतात, तारीख निघून जाते. त्या मुदतीतच समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगार वाद मिटवणारा सरकारी अधिकारी) वाद न्या. समेटाची कार्यवाही चालू असेतो वादातल्या सेवाशर्ती कामगारांच्या तोट्याच्या दिशेने बदलता येत नाहीत (कलम ९०). मात्र सुट्ट्यांचा वाद एकट्याने उभा राहत नाही. संघटना तरी हवी, नाहीतर बऱ्याच जणांच्या सह्या. एकट्यासाठी तक्रार निवारण समिती आहे. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे ती सक्तीची, आणि अर्ज वर्षभराच्या आत.

हे सगळं 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांवर पगार असलेले पर्यवेक्षक त्यात नाहीत. पदनामाला अर्थ नाही. रजा मंजूर करता का, कुणाला कामं वाटून देता का, हे बघितलं जातं. व्याख्येबाहेर असाल तर 'धोरणानुसार' हे वाक्य नडणार.

जुनी_पावती :
पुरावा आत्ताच गोळा करा, नंतर मेलबॉक्स बंद होतो. नऊही वर्षांच्या सुट्ट्यांच्या याद्या, त्या महिन्यांच्या पगारपावत्या (त्या दिवसांचा पगार कापलेला नाही हे दिसलं पाहिजे) आणि रजेच्या शिलकीचा उतारा. प्रथा सिद्ध व्हायला ती दीर्घकाळ, न चुकता आणि सगळ्यांना सारखी मिळालेली असावी लागते. परिपत्रकात दर वर्षी 'या वर्षापुरती खास' असं छापलेलं असेल, तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते.

पगारी_रजा :
'खास' वगैरे कुठेच नाही. पण दिवाळीच्या दोन दिवसांबदल्यात दर वर्षी दोन शनिवार भरून द्यावे लागतात.

जुनी_पावती :
मग ते दोन मागणीतून वगळा. ती अदलाबदल आहे, सवलत नाही, आणि समोरचा वकील नेमकं तेच पकडून बाकीच्या चारांवर संशय आणेल. अर्जात चारच दिवस तारखांसकट लिहा. साठवलेल्या अर्जित रजेचा विषय यात मिसळू नका. २४० दिवस भरल्यावर २० दिवसांना एक, साठा ४५ पर्यंत, हा हक्क वेगळा आहे आणि तो प्रथेवर नाही, कायद्यावर उभा आहे.