‘हार्ड मॅन’ला मराठीत काय म्हणाल?

लीड्सकर
गेली सहा वर्षं लीड्सला आहे. शेजारचे आजोबा ऐंशीच्या पुढचे आणि आयुष्यभर लीड्स युनायटेड ह्या फुटबॉल क्लबाचे चाहते. कुंपणाशी भेटले की विषय एकच, क्लबातले जुने ‘हार्ड मॅन’, म्हणजे समोरच्याला धडकी भरवणारे खेळाडू. नॉर्मन हंटर हे त्यांचं दैवत. १९७२च्या एफए कप ह्या इंग्लिश फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला ‘नॉर्मन तुमच्या पायांना चावतो’ असा फलक प्रेक्षकांत झळकला होता, ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. हे आईला फोनवर सांगताना ‘हार्ड मॅन’पाशीच अडलो. ‘कणखर’ म्हटलं, तर विचारते, “म्हणजे राजकारणात आहे का?” शब्द सुचवा.

जुनाजाणता
आईंचं बरोबर आहे. कणखर आता नेतृत्वच उरलंय. ‘चिवट’ घ्या. मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन आठवा. १९५६ची एफए कप फायनल, शेवटची सतराएक मिनिटं उरलेली, बर्मिंगहॅमच्या खेळाडूच्या पायांत झेप घेतली आणि मान दुखावली. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हतीच. गडी मान धरून शेवटपर्यंत उभा राहिला, कप जिंकला, आणि मान मोडलीय हे काही दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळलं.

तालीमवाला
मालक, चिवट म्हणजे सोसणारा. ह्यांना देणारा पायजे. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलची टीम म्हणजे तालीमच, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. शाहू स्टेडियमवर बसून बघा, शब्दाला तोटा नाही. बचावाला बॅक निब्बार पायजे म्हणतो आम्ही. समोरच्यानं एकदा अंगावर घेतलं की परत त्या बाजूला फिरकायचा नाही.

जुनाजाणता
निब्बार म्हणजे निबरच ना? आमच्याकडे फक्त भेंडी निबर असते.

तालीमवाला
भेंडी बी असती. पण “निब्बार हाणला” म्हटल्यावर भेंडी डोळ्यापुढं येत नाही.

शब्दवेडी
‘धसमुसळा’ कसा विसरलात सगळे? फुटबॉलच्या बातम्यांत ‘धसमुसळा खेळ’ किती वेळा वाचलाय. शब्दात मुसळ ऐकूच येतं, पुढचं काही सांगावं लागत नाही.

लीड्सकर
हा मलाही सुचला होता, पण एक अडचण आहे. धसमुसळ्याकडून धक्का लागतो, कप फुटतो, त्याच्या मनात तसं नसतं. आता १९७०ची एफए कप फायनल घ्या. वेम्बलीला लीड्स-चेल्सी २-२. लीड्सच्या एडी ग्रेनं डाव्या बाजूनं चेल्सीच्या डेव्हिड वेबला अक्षरशः नाचवलं. ओल्ड ट्रॅफर्डच्या फेरसामन्यात चेल्सीनं वेबला तिथून हलवलं आणि रॉन हॅरिस ग्रेसमोर आला. सुरुवातीलाच त्यानं ग्रेच्या गुडघ्यामागे लाथ घातली. ग्रे उरलेला सामना लंगडत खेळला, चेल्सी २-१ जिंकली. हा धसमुसळेपणा नव्हे, मोजूनमापून केलेलं काम आहे. त्या अख्ख्या सामन्यात पंचांनी नाव लिहून घेतलं ते एकाच खेळाडूचं, आणि तो हॅरिस नव्हता! आजोबा अजून हॅरिसचं नाव घेताना कुंपणावरचा हात काढून घेतात.

गिरगावकर
हॅरिसचं टोपणनाव ‘चॉपर’. आम्हा मुंबईकरांना भाषांतर नको. ‘चॉपरने वार’ हे वाचतच मोठे झालो.

जुनाजाणता
हंटर हार्ड मॅन, मग हॅरिस कोण?

लीड्सकर
आजोबांच्या लेखी हॅरिस ‘डर्टी’. चेल्सीचा म्हातारा नेमका उलटं सांगेल. आपल्याकडचा असला की खमक्या, त्यांच्याकडचा असला की आडदांड, असंच काहीसं.

राजापूरचा
मी लिव्हरपूलवाला. टॉमी स्मिथबद्दल आमचा मॅनेजर बिल शँक्ली म्हणायचा की तो जन्मला नाही, खाणीतून काढलाय. हे मराठीत आणताना माझी वेगळीच पंचाईत होते. आमच्याकडे खाण म्हणजे चिरेखाण. जांभा काढताना मऊ असतो, करवतीनं कापला जातो, मग उन्हावाऱ्यात कडक होतो. शँक्लीला तसला दगड अभिप्रेत नसावा. घाटावरचा काळा फत्तर हवा, सुरुंगाशिवाय न हलणारा. म्हणून मी ‘कातळातून फोडून काढलाय’ असं म्हणतो.

शब्दवेडी
हे झकास. पण ‘कातळ’ माणसाला लावला की निर्विकार वाटतो. स्मिथनं १९७७ला रोममध्ये युरोपियन कपच्या फायनलला हेडरनं गोल केला होता, उभ्या जागचा दगड नव्हता तो.

तालीमवाला
निब्बार च्यायला! मी सांगून दमलो.

लीड्सकर
काल आईला पुन्हा फोन केला. चिवट, निब्बार, धसमुसळा, खमक्या, कातळ, सगळे वाचून दाखवले. नुसतं “बरं” म्हणाली. मग आजोबांचा ठेवणीतला विनोद सांगितला. लीड्सचा एक माणूस मॅनेजरकडे धावत येतो, “नॉर्मन पाय मोडून आलाय!” मॅनेजर मान वर न करता विचारतो, “कुणाचा?” इंग्रजीत हा विनोद जुळवून सांगावा लागतो. मराठीत ‘पाय मोडून आलाय’ म्हटलं की दोन्ही अर्थ आपोआप बसतात.

आई खो खो हसली आणि म्हणाली, “अगंबाई, दांडगोबाच की मेला!”

ह्यातला ‘मेला’ आजोबांना कसा समजावून सांगू, तेवढं कुणीतरी सांगा.