‘स्ट्रॅटेजी’ला काय म्हणावं: चाल, डावपेच की व्यूह?

प्रश्न: गेम थिअरीची (एकाचा फायदा दुसऱ्याच्या निर्णयावरही अवलंबून असतो, अशा प्रसंगांच्या गणिताची) तोंडओळख करून देणारा लेख लिहितोय. ‘प्लेअर’ला खेळाडू, ‘पेऑफ’ला फळ, इथवर निभावलं. ‘स्ट्रॅटेजी’पाशी गाडं अडलंय. चाल म्हणू का?

उत्तर: चाल नको. चाल म्हणजे ‘मूव्ह’, एका वेळची. गणितज्ञ फॉन नॉयमन आणि अर्थतज्ज्ञ मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४च्या ग्रंथापासून या विषयात स्ट्रॅटेजी म्हणजे अख्खी योजना: समोरच्यानं काहीही केलं तरी आपण काय करायचं, ते आधीच ठरलेलं. फुली-गोळ्यात ‘त्यानं कोपरा धरला तर मी मधलं घर, मधलं घर धरलं तर मी कोपरा’ असं शेवटच्या घरापर्यंत लिहून ती चिठ्ठी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली, तरी तो तुमच्या वतीनं खेळू शकला पाहिजे. ती चिठ्ठी म्हणजे स्ट्रॅटेजी. मी ‘व्यूह’ लिहितो.

उत्तर: व्यूह म्हटलं की चक्रव्यूहच आठवतो! डावपेच काय वाईट आहे? सगळ्यांच्या तोंडात बसलेला शब्द आहे.

उत्तर: डावपेचात लबाडीचा वास येतो. आता कैद्यांचा पेच घ्या (हे कथानक गणितज्ञ अल्बर्ट टकर यांचं, १९५०चं). दोन आरोपी, वेगवेगळ्या कोठड्यांत. दोघं गप्प राहिले तर एकेक वर्ष. एकानंच तोंड उघडलं तर तो माफीचा साक्षीदार होऊन सुटतो, दुसऱ्याला दहा वर्षं. दोघांनी उघडलं तर पाच-पाच. दुसरा गप्प बसो वा बोलो, आपण बोलण्यातच आपला फायदा. म्हणून दोघं बोलतात आणि दोघंही पाच वर्षं आत. यात कुणी कुणाला फसवलं नाही, नुसता हिशेब केला. याला डावपेच कसं म्हणणार?

प्रश्नकर्ता: पटलं. मग ‘इक्विलिब्रियम’ला समतोल चालेल ना?

उत्तर: चालेल, पण लगेच खुलासा करा. समतोल म्हटलं की वाचकाला वाटतं, दोघांच्या सोयीचा तोडगा निघाला. गणितज्ञ जॉन नॅशच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या समतोलाचा अर्थ एवढाच, की दुसरा जागचा हलत नसेल तर एकट्यानं बेत बदलून कुणाचा फायदा नाही. वरची पाच-पाच वर्षं हा समतोलच आहे. एकेक वर्षाचा पर्याय दोघांना बरा, पण तिथं प्रत्येकाला फुटायचा मोह.

उत्तर: आणि ‘झीरो-सम’ला (एकाला मिळतं तेवढंच दुसऱ्याचं जातं, अशा खेळाला) शून्य-बेरीज लिहा, शून्य-रक्कम नको. पैशाचा संबंध असेलच असं नाही.